वायद्याला तारीख हवी
रस्ता, वीज आणि फोन : तळेगाव दाभाडे येथून मांडलेला हिशेब

१ मे २०२५ रोजी, महाराष्ट्र दिनी, राज्य शासनाने आपल्या शंभर दिवसांच्या कामाचा ताळेबंद जाहीर केला. सर्व विभागांनी मिळून ९०२ बाबी पूर्ण करण्याचे ठरविले होते. त्यांपैकी ७०६ पूर्ण झाल्या, १९६ राहिल्या, असे सांगण्यात आले. टक्केवारी ७८. आपल्या जुन्या हिशेबाने बोलायचे तर रुपयातले साडेबारा आणे वसूल झाले आणि साडेतीन आणे येणे राहिले. उधारीच्या धंद्यात एवढी वसुली झाली तर कोणताही दुकानदार वर्ष बरे गेले असेच म्हणेल. त्याच दिवशी विभागांचे गुणही जाहीर झाले. सार्वजनिक बांधकाम विभाग ७७.९४ टक्के गुण घेऊन दुसरा आला, तर परिवहन व बंदरे विभागाला ६१.२८ टक्के मिळाले.

हे आकडे खोटे ठरविण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. शासनाने स्वतःच्या कामाचा हिशेब लोकांपुढे ठेवला, ही चांगलीच गोष्ट झाली. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही वसुली आपल्या वहीत कोठे जमा झाली? गॅरेजवाला, वेल्डिंगवाला, टेम्पोमालक, बेकरीवाला, भंगाराचा व्यापारी, कंपन्यांचे जॉबवर्क करणारा कारागीर, यांच्या गल्ल्यात त्या साडेबारा आण्यांतले किती आले?

हा हिशेब मांडण्यासाठी आम्ही तळेगाव दाभाडे हे गाव निवडले. त्यालाही कारण आहे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, म्हणजे आगगाडी या बाजूला दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच आली. लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली येथे काच कारखाना निघाला. कारागिराच्या हाताला विद्या मिळावी म्हणून सामान्य माणसाने वर्गणी दिली, असे हे गाव. जुना मुंबई-पुणे महामार्ग येथून जातो. द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला, तोही जवळून जातो. एका बाजूला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या बाजूला चाकण. औद्योगिक वसाहत आहे, निर्यातीची फुले पिकविणारे पुष्पोद्यान आहे. दळणवळण, वीज आणि संदेशवहन या तीन गोष्टींवर ज्याचे पोट चालते असे याहून नेमके ठिकाण सापडणे कठीण.

वायदा कशाला म्हणावे?

आपल्या बाजारात वायदा या शब्दाला वजन आहे. "देतो कधीतरी" याला कोणी वायदा म्हणत नाही. वायद्यात तीन गोष्टी लागतात. काय द्यायचे, कोणत्या तारखेला द्यायचे, आणि तारीख चुकली तर काय भरून द्यायचे. हुंडीवर रक्कम आहे पण मुदत नाही, असे झाले तर ती हुंडी कोण स्वीकारील? देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्या घरात नवी नाही.

शासनाच्या आश्वासनांनाही आम्ही हीच कसोटी लावली. कचेरीत काम "झाले" म्हणजे आदेश निघाला, मंजुरी मिळाली, निविदा निघाली. बाजारात काम झाले म्हणजे माल पोचला. या दोन "झाले"मध्ये जे अंतर पडते, त्याचे भाडे व्यापारी भरतो. आता एकेक खाते उघडून पाहू.

रस्त्याचे खाते

तळेगाव ते चाकण हा सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता पुढे शिक्रापूरला जाऊन नगर रस्त्याला मिळतो. मुंबईकडून आलेला माल पुणे शहरात न शिरता चाकणला आणि पुढे नगरकडे नेण्याची हीच वाट. चाकणची कारखानदारी वाढली, अवजड वाहने वाढली, रस्त्याची रुंदी मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. आधी हा राज्यमार्ग होता. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ५४८-डी झाला. त्यानंतर त्याच्या विकासाचे काम महाराष्ट्र राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळाकडे आले. तळेगाव-चाकण टप्प्यावर उन्नत मार्ग करण्याच्या प्रकल्पाला २०२५ मध्ये राज्य शासनाने मान्यता दिली. म्हणजे कागदावर पाटी बदलली, धनी बदलला, मंजुरीही आली. कचेरीच्या भाषेत ही प्रगतीच होय.

आता वहीची भाषा पाहा. समजा, एका बांधवाने कर्ज काढून टेम्पो घेतला आहे. मोकळ्या रस्त्यावर तो दिवसाला तीन फेऱ्या करू शकतो, कोंडीमुळे दोनच होतात. एका फेरीचे भाडे २,५०० रुपये धरले आणि महिन्यात २५ दिवस काम धरले, तर महिन्याला ६२,५०० रुपयांचे भाडे हुकले. त्यातून न जळालेल्या डिझेलचे पैसे वजा करा. पण कोंडीत उभ्या गाडीतही डिझेल जळते, चालकाची रोजंदारी चालू राहते आणि कर्जाचा हप्ता तर कोंडी पाहत नाही. यात आणखी एक भर आहे. मोठे कारखाने आता सुटे भाग साठवून ठेवत नाहीत, लागेल तेव्हा मागवितात. तास चुकला तर माल परत येतो. दोनदा परत आला तर पुढची ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते. हा तोटा कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही.

रेल्वेचेही असेच. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. एकाच दुहेरी मार्गावर लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या धावतात, म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी कित्येक वर्षे होत आली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. मान्यतेचे स्वागतच आहे. परंतु मान्यता म्हणजे रूळ नव्हे. चाकणच्या विमानतळाचे काय झाले ते या पट्ट्यातील लोक विसरलेले नाहीत. वर्षानुवर्षे चर्चा झाली, आणि २०१६ साली विमानतळाची जागा पुरंदरला ठरली. विमानतळ येणार म्हणून ज्यांनी गाळे घेतले, जमिनीत पैसा अडकविला, त्यांना त्या बदलाची भरपाई देणारे कलम कोठेही नव्हते.

रस्त्याच्या आश्वासनात "काय" आहे. "कधी" आहे, पण ते पुढे सरकत राहते. "चुकल्यास काय" हे रकान्यातच नाही. अलीकडे एका बाबतीत मात्र किंमत लागली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की खड्ड्यामुळे कोणाचा जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी. निर्णय मोठा आहे. पण त्याचा अर्थही समजून घ्यावा. रस्त्याचा वायदा वसूल होऊ लागला तो माणूस पडल्यानंतर. गाडी वेळेवर पोचण्याचा वायदा अजून हुंडीवर आलेला नाही.

विजेचे खाते

मावळच्या डोंगरांत पाऊस पडतो, तलाव भरतात आणि त्या पाण्यावर वीज होते. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी खाली खोपोलीला सोडून १९१५ सालापासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पाणी मावळचे आणि उजेड मुंबईचा, ही म्हण कोणी केली नसली तरी खरी आहे.

विजेच्या आश्वासनांचा इतिहासही आपल्यापुढे आहे. वीज मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. त्याच काळात भारनियमनाने कारागिरांचे कंबरडे मोडले होते. पुढे डिसेंबर २०१२ पर्यंत महाराष्ट्र भारनियमनमुक्त करण्याची घोषणा झाली. पूर्वीच्या मानाने आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे मान्य करावेच लागेल. तथापि लेथवर काम चालू असताना वीज गेली की हातातला नग वाया जातो, आणि बेकरीत मळलेले पीठ वाट पाहत नाही. कारागिराला वर्षाची सरासरी कळून उपयोग नाही, त्याला आजची पाळी पुरी व्हायला हवी.

असे असले तरी विजेच्या खात्यात रस्त्याहून एक मोठा फरक आहे आणि तो पुष्कळ बांधवांना ठाऊक नसतो. येथे वायद्याला तारीख आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ नुसार मागणी करणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत जोडणी देणे वितरण कंपनीवर बंधनकारक आहे, आणि मुदत चुकल्यास दर दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन ही मुदत आणखी कमी झाली. नव्या जोडणीसाठी किंवा असलेल्या जोडणीत बदल करण्यासाठी महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस. तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषद आहे, सबब तेथील दुकानदाराला सात दिवसांची मुदत लागू होते. लगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत शेड टाकणाऱ्याला पंधरा दिवसांची. नवी वाहिनी किंवा उपकेंद्र उभारावे लागणार असेल तर मुदत वाढते, हेही लक्षात ठेवावे.

यात एक मेख आहे. मुदत मोजायची ती पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. आपण काय करतो? कोणातरी ओळखीच्या माणसाकडे कागद देतो, "साहेब बघतील" असे ऐकून घरी येतो आणि दोन महिने वाट पाहतो. अर्जाचा क्रमांक नाही, पोच नाही, म्हणजे हुंडी लिहिलीच गेली नाही. मग मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार? तारीख लिहिलेली पोच ज्याच्या खिशात आहे, तो वीज ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाऊ शकतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे दाद मागता येते. त्यानंतर विद्युत लोकपाल आहे. थकबाकीसाठी वीज तोडायची तरी कलम ५६ प्रमाणे आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे कलम ठाऊक नसल्याने कित्येक जण तोंडी धमकीनेच घाबरून जातात.

फोनचे खाते

संदेशवहनाची गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात शासनाने सांगितले होते की १९९७ पर्यंत मागेल त्याला टेलिफोन मिळेल आणि सर्व खेड्यांत टेलिफोन पोचेल. १९९७ उजाडले, पण प्रतीक्षा यादी संपली नाही. १९९९ च्या नव्या धोरणात मागेल त्याला टेलिफोनची तारीख २००२ झाली. त्या काळी फोनसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारे दुकानदार आजही आपल्यात आहेत. नाक्यावरच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रांग लावून मुंबईच्या व्यापाऱ्याला भाव विचारला जाई.

शेवटी फोन आला, पण वायदा ज्या वाटेने यायचा त्या वाटेने आला नाही. ३१ जुलै १९९५ रोजी देशात मोबाईलवर पहिले संभाषण झाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत प्रतीक्षा यादीच निरर्थक झाली. एसटीडी बूथही बंद झाले. ज्यांनी कर्ज काढून बूथ घातले त्यांचे गाळे रिकामे पडले. आश्वासन उशिरा पुरे होते तेव्हा त्याच्या भरवशावर मांडलेला धंदा मधल्या मधे मारला जातो, हा धडा त्यातून घ्यावा.

आता तोच खेळ इंटरनेटचा आहे. देशातील अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. मुदती अनेकदा वाढल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. बारा वर्षांत योजनेचे नाव बदलले, रक्कम वाढली, तारीख पुढे गेली. दरम्यान आपला धंदा मात्र इंटरनेटवर गेला. गिऱ्हाईक पैसे मोबाईलवरून देतो, जीएसटीचे विवरण संगणकावरून भरावे लागते. २०१८ पासून ई-वे बिल आले. जेथे ते लागू आहे तेथे बिल निघाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढता येत नाही. नेटवर्क गेले की दुकानाला कुलूप लागल्यासारखेच.

या खात्यातही एक तारीख आता लिहिली गेली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांनुसार, एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक काळ बंद राहिली तर मासिक बिल भरणाऱ्या ग्राहकाला भाड्यात सूट आणि आगाऊ पैसे भरणाऱ्याला मुदतवाढ देणे कंपनीवर बंधनकारक झाले. रक्कम थोडी आहे. जिल्हाभर सेवा बंद पडण्याची अट मोठी आहे, एका वस्तीतला टॉवर बंद पडला तर ही तरतूद उपयोगी नाही. तरी "चुकल्यास काय" हा रकाना उघडला, हे महत्त्वाचे.

तिन्ही खात्यांची बेरीज

तिन्ही खाती शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. जेथे कायद्याने तारीख आणि भरपाई लिहून दिली तेथे सामान्य ग्राहकाच्या हाती काहीतरी आले. जेथे नुसती घोषणा किंवा मंजुरी आहे, तेथे हाती वाट पाहणेच आले. दोन्हीकडे शासन तेच आहे. कारखाने येतात आणि जातात. येथील मोटारीचा मोठा कारखाना २००८ साली सुरू झाला, २०२० च्या अखेरीस बंद पडला आणि २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या हाती पुन्हा सुरू झाला. २०२२ साली ज्या अर्धवाहक प्रकल्पाची तळेगावला आशा लागली होती, तो गुजरातला गेला. त्यावर राजकारण पुष्कळ झाले. मोठी कंपनी येवो अथवा जावो, लहान व्यापाऱ्याला रस्ता, वीज आणि फोन रोज लागतात. मोठ्या कंपनीजवळ स्वतःचे उपकेंद्र असते, जनरेटर असतो, वकील असतो. लहान माणसाजवळ फक्त पोच असते, आणि तीही तो मागत नाही.

मग करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी आजपासून करण्यासारख्या आहेत.

पहिली, प्रत्येक अर्जाची पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांसाठी अर्ज केल्यावर पोच मिळणे आणि ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा आपला हक्क आहे. सेवा न मिळाल्यास पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यानंतर आयोग असा मार्ग आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नगरपरिषदेच्या दाखल्या-परवान्यांसाठी हेलपाटे घालणाऱ्यांनी या कायद्याचे नाव अर्जातच लिहावे.

दुसरी, रस्त्याचीही हुंडी असते, ती फक्त आपल्या नावावर नसते. शासन आणि ठेकेदार यांच्या करारात काम सुरू करण्याची तारीख, पुरे करण्याची तारीख, विलंबाचा दंड आणि काम झाल्यावर ठेकेदाराने किती काळ स्वखर्चाने दुरुस्ती करायची, हे सारे लिहिलेले असते. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून या चार गोष्टी विचारता येतात आणि तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. "रस्ता कधी होणार?" असा प्रश्न विचारू नका, त्याला "लवकरच" हे उत्तर तयार असते. "करारातील पूर्णत्वाची तारीख कोणती?" असे विचारा.

तिसरी, नोंद ठेवा. किती वाजता वीज गेली, किती वाजता आली, गाडी कोंडीत किती वेळ उभी राहिली, किती फेऱ्या बुडाल्या, हे दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. एकट्याची तक्रार म्हणजे रडगाणे ठरते. वीस दुकानदारांनी तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र करून दिल्या तर तो पुरावा होतो. हे काम जातीधर्माचे नाही. त्याच कोंडीत शेजारच्या फुलवाल्याची गाडी उभी असते आणि त्याच अंधारात समोरच्या पिठाच्या गिरणीचे जाते थांबते. सर्वांनी मिळून नोंदी द्याव्यात.

शासन पुन्हा केव्हा तरी आपला ताळेबंद मांडील आणि कदाचित साडेबाराचे चौदा आणे होतील. तेव्हा टाळी वाजवायला हरकत नाही. पण टाळी वाजविण्याआधी आपली वही उघडून पाहावी. ज्या गावाने एकेका पैशाच्या वर्गणीतून काच कारखाना उभा राहिलेला पाहिला, त्या गावाला लहान रकमेचा हिशेब कसा ठेवावा हे नव्याने शिकवावे लागू नये.